चाळिसावी माशी

कीटक-संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, डांबराच्या गोळ्यांचा वास भिंतींत मुरलेल्या एका लांबट खोलीत, चित्रकार बाई एकतीस वर्षं माश्या काढत होत्या. काढत म्हणजे चित्रं काढत. भुंगे, टोळ, चतुर सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण जीव रमला तो माश्यांतच. त्यांच्या नणंदेला या नोकरीचं भारी हसू यायचं. घरी कुणी पाहुणं आलं की ती सांगायची, "बाकीचे लोक नुसत्या माश्या मारतात. आमची भावजय आठ तास बसून त्यांचे पाय मोजते."

ही नणंद म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. बाई तिला वन्सं म्हणत, तेव्हा आपणही वन्संच म्हणू. वन्संनी लग्न केलं नव्हतं. त्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहायच्या आणि सव्वीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होत्या. दात कोरायच्या यंत्राच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्या कुजबुजल्या तरी खालच्या जिन्यात ऐकू जायचं. उलट बाई मोजकं बोलणाऱ्या. दोघींचं कडाक्याचं भांडण कधी झालं नाही, पण गूळपीठही कधी जमलं नाही. सणवार असो की आजारपण, एकमेकींचं करायचं ते करायच्या आणि आपापल्या दाराला कडी लावायच्या.

बाईंच्या हाताची ख्याती मात्र मोठी होती. माशीच्या पंखावरची शीर असो की पायावरचा काटा, भिंगाखाली पाहून त्या अशी रेघ ओढत की पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा. विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते नव्या विद्यार्थ्यांना आधी बाईंच्या टेबलापाशी आणून उभं करायचे. "बघायचं कसं ते इथे शिका," म्हणायचे, "पुस्तकं नंतर वाचा."

सरांनी उभा जन्म गोमाश्यांवर काढला होता. गोमाशी म्हणजे गुरांना चावते ती. अंगाने भुरकी, दिसायला सुमार. पण जिवंतपणी तिच्या डोळ्यांत पाहावं. हिरव्या रेशमावर जांभळे, तांबूस पट्टे ओढल्यासारखे डोळे, आणि दर जातीच्या पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. अडचण एवढीच की माशी मेली की काही तासांत ते रंग विझतात आणि डोळे काळेठिक्कर पडतात. टाचणीला टोचून ठेवलेल्या हजार माश्या पाहिल्या तरी पट्टा एक दिसायचा नाही. म्हणून सरांनी ठरवलं होतं की आपल्या पुस्तकात चाळीस जातींची चाळीस चित्रं जिवंत माशीवरून काढलेली असतील. माशी काचेच्या पेटीत ठेवायची, बाईंनी डोळ्यांचे रंग टिपायचे आणि मग पेटीचं झाकण खिडकीबाहेर उघडायचं. सहा वर्षांत अशी एकोणतीस चित्रं झाली होती.

तिसाव्या चित्राला हात कापला.

आधी बाईंना वाटलं चहा जास्त झाला. चहा सोडला. मग वाटलं झोप कमी पडते. रोज दुपारी अर्धा तास डोळे मिटून पाहिले. मग डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायला लागल्या, तर डावाही थोडा थोडा साथ द्यायला लागला. माशीच्या मागच्या पायाची रेघ, जी त्यांनी आयुष्यात हजारदा ओढली असेल, ती करवतीच्या दातांसारखी आली. तो कागद त्यांनी फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला.

नसांच्या डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढून घेतलं. "जिवाला काही धोका नाही," ते म्हणाले. "हा कंप आहे. कुणाकुणाला होतो. गोळीने थोडा कमी होईल, पण जाईल असं मी सांगणार नाही."

"बारीक काम?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी ते वेटोळं त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंना उत्तर मिळालं.

महिनाभर त्यांनी ही गोष्ट पदराआड झाकून ठेवली. नवऱ्याला सांगितलं तेही निम्मंच. शेवटी एका सकाळी त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "सर, माझ्या हातून आता रेघ येत नाही."

सरांनी कपाटातून एकोणतीस चित्रांची पेटी काढली आणि एकेक चित्र टेबलावर मांडलं, जणू मोजून खात्री करून घ्यायची होती.

"बाई, हात गेला असेल. नजर तर गेली नाही ना?"

"नजर आहे."

"मग उरलेल्या अकरांचे फोटो काढा. विभागाचा कॅमेरा पडून आहे, जवळचं टिपणारी लेन्स आहे. मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. माशीच्या डोळ्यात काय बघायचं ते दुसऱ्या कुणाला माहीतच नाही."

बाईंना फोटोचं फारसं कौतुक नव्हतं, पण सरांचा शब्द मोडवेना. काचेच्या पेटीतून फोटो काढायला गेलं की माशीऐवजी आपलंच तोंड दिसायचं. म्हणून त्या कॅमेरा गळ्यात अडकवून गावाबाहेरच्या गोठ्यावर जाऊ लागल्या. गोठेवालीला आधी वाटलं, ही बाई गाईंचे फोटो काढायला आली आहे. माश्यांचे काढते म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला, पण एक स्टूल आणून दिलं.

तिथे बाईंना कळलं की ही भलतीच अवघड विद्या आहे. माशीच्या इतकं जवळ गेलं की नखाएवढा भागसुद्धा एकदम स्पष्ट येत नाही. डोळा साफ आला तर मिशी धुरकट, मिशी साफ आली तर डोळा गायब. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, लेन्सचं भोक बारीक करा, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येईल. बारीक केलं. तर उजेड पुरेना. उजेड पुरावा म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर तेवढ्या वेळात हात आपला कंप दाखवून मोकळा. इकडे आड, तिकडे विहीर. कॅमेऱ्याखाली तीन पायांचं तिकाटणं लावून पाहिलं, पण गाय काही तिकाटण्यावर उभी नव्हती. ती कातडी थरथरवायची, शेपूट हाणायची, आणि माशी दुसऱ्या कुशीवर.

तीन आठवड्यांत बाईंनी सहाशे फोटो काढले. एकही धड नाही. त्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तेच अर्जातल्या कारणाचा पुरावा झालं असतं.

नेमक्या त्याच वेळी वन्सं घासलेलं पातेलं परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. टेबलावर अर्ज, शेजारी छापून आणलेले दहा-बारा फोटो. वन्संनी अर्ज पाहिला की नाही देव जाणे. त्यांनी फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हे काय गं? धुक्यात काढलेस?"

"नाही. हात हलतो माझा," बाई म्हणाल्या. इतके दिवस जे नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं ते असं सहज तोंडातून निघून गेलं.

"ते मला चार महिने दिसतंय. मी विचारलं नाही. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल." वन्संनी दुसरा फोटो उचलला. "फ्लॅश कुठला वापरलास?"

"फ्लॅश? नाही वापरला. खोटा उजेड तो. त्यात खरा रंग कसा येणार?"

वन्संनी पातेलं टेबलावर आपटलं. "खोटा उजेड! अगं, आमच्याकडे रोज दहा लोकांच्या तोंडातले फोटो काढते मी. दाढेच्या मागचे. तोंडात काय सूर्य उगवतो का? पेशंट हलतो, त्याची जीभ हलते, डॉक्टर माझ्या कोपराला धक्का देतात. आणि फोटो असा येतो की कीड कुठून शिरली ते दिसतं. आणि रंग म्हणशील, तर दाताचा रंग जुळवायचा असतो आम्हाला. तो चुकला तर पेशंट हसला की एक दात पिवळा दिसतो." त्यांनी बाईंच्या दंडाला धरलं. "ऊठ. चप्पल घाल."

"आत्ता?"

"आज सुट्टी आहे दवाखान्याला. किल्ली माझ्याकडे असते. डॉक्टरांना वाटेत फोन करते."

दवाखान्यात औषधी लवंगेचा वास होता. वन्संनी दिवे लावले, कपाटातून कॅमेरा काढला. त्याच्या लेन्सच्या तोंडाशी बांगडीसारखा गोल फ्लॅश बसवलेला होता. मग त्या स्वतः पेशंटच्या खुर्चीत आडव्या झाल्या, दोन्ही हातांच्या बोटांनी ओठ ताणले आणि तशाच फाकलेल्या तोंडाने म्हणाल्या, "काढ. मनगट दाबू नकोस. हलू दे."

बाईंनी कॅमेरा धरला. हात नेहमीसारखा कापत होता, किंबहुना जास्तच. आयुष्यात प्रथमच त्या वन्संच्या तोंडात इतक्या खोलवर बघत होत्या. बटण दाबलं. पांढरा झपकन उजेड पडला आणि गेला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो आला. खालची तिसरी दाढ, तिच्यातलं चांदीचं जुनं भरण, भरणावरचा ओरखडा, हिरडीवरचा थेंब. सगळं दगडावर कोरल्यासारखं.

बाईंनी पुन्हा काढला. पुन्हा तसाच. हात मुद्दाम थोडा जास्त हलवून काढला. तोही तसाच.

वन्सं उठून बसल्या. ओठ पुसत म्हणाल्या, "बघ, लेन्सचं भोक इतकं बारीक आहे आणि शटर इतकं चटकन मिटतं की खोलीतल्या दिव्याला आत शिरायला सवडच नाही. दिवे बंद असते तरी हाच फोटो आला असता. कॅमेऱ्याला जो काही उजेड दिसतो तो या फ्लॅशचा. आणि हा किती वेळ पेटतो माहितेय? डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. सेकंदाचे दहा हजार तुकडे कर. त्यातला एक. तेवढ्या वेळात तुझा हात हलून हलून जाणार कुठे?"

बाई खुर्चीच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज न करता रडायची त्यांची रीत होती. वन्संना हे असलं जमत नसे. त्यांनी पेशंटच्या गळ्यात बांधायचा कागदी रुमाल काढून दिला आणि म्हणाल्या, "आधी डोळे पूस, मग माझी ती दाढ डॉक्टरांना दाखवायला हवी का ते सांग. ठणकते आहे चार दिवस."

डॉक्टरांकडे एक जुना फ्लॅश पडून होता. कॅमेऱ्याला वायरने जोडायचा, पण चालू. तो त्यांनी आनंदाने दिला, वर एक अट घातली की पुस्तक निघालं की बघायला मिळालं पाहिजे.

लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. पहिल्या गोमाशीचा फोटो धारदार आला. एकेक केस मोजावा असा. पण डोळ्यांच्या ऐन मध्यभागी फ्लॅशचा पांढराफेक ठिपका, आणि पट्टे त्या ठिपक्याखाली गडप. मागे सगळा काळोख, जणू माशी कोळशाच्या खाणीत बसली होती. वन्संनी फोटो पाहून जीभ चावली. "दाताला एवढं चालतं," त्या म्हणाल्या. "माशीच्या डोळ्याचं मला काय कळणार?"

पण इथे बाईंना कळत होतं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? चित्रात उजेड नेहमी डाव्या हाताला वरून येतो असं धरायचं, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची शिस्त. उजेड समोरून आला की वस्तू चपटी होते. उजेड बारीक आला की चकाकी टोचते, पसरून आला की चकाकी मऊ होऊन खालचा रंग दाखवते. खिडकीला पातळ कागद लावून त्या हेच करत आल्या होत्या. मग फ्लॅशला का नाही?

बाईंचे यजमान पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. त्यांनी पत्र्याची एक पट्टी वाकवून कॅमेऱ्याखाली बसवली, तिच्या टोकाला फ्लॅश आला, बरोबर डावीकडून वर. बाईंनी आपल्या ट्रेसिंग पेपरचं अर्धगोल छप्पर कापलं आणि फ्लॅश आणि माशीच्या मधे येईल असं तारेवर ताणलं. जिवंत माशीवर प्रयोग करण्याआधी एक काळं चकचकीत बटण सुईत अडकवून टेबलावर उभं केलं. कागद एक थर, दोन थर, तीन थर. जवळ, लांब, अगदी बटणाला चिकटेल इतका जवळ. यजमान एकेक फोटो पाहून मान हलवत. वन्सं पाठीमागे उभ्या राहून, बटणावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवत, दर खेपेला म्हणत, "अजून टक्कल दिसतंय."

दोन थर आणि चार बोटांचं अंतर, तेव्हा टक्कल गेलं. बटणावर डावीकडून एक मऊ, दुधाळ कड उमटली आणि बाकी सगळं बटण काळंभोर, गोल, खरं दिसलं. मागच्या काळोखावरही उपाय निघाला. माशीच्या मागे एखादं वाळकं पान धरायचं, म्हणजे फ्लॅशच्या उजेडाला पडायला काहीतरी मिळतं. पान धरायला कुणीतरी हवं होतं. वन्सं म्हणाल्या, "माझी गुरुवारची अर्धी सुट्टी असतेच."

त्या गुरुवारी गोठ्यावर, एका तपकिरी गाईच्या खांद्यावर, तिसावी माशी बसली होती. बाईंनी कोपर बरगडीला टेकवलं, श्वास सोडला आणि हळूहळू पुढे झुकल्या. डोळा स्पष्ट होतो तो क्षण पकडायचा, बाकी काही करायचं नाही. हात हलत होता. हलू दे. झपकन उजेड. पडद्यावर हिरवागार डोळा, त्यावर दोन जांभळे पट्टे, पट्ट्यांच्या कडेला बारीक सोनेरी झाक. ही झाक त्यांनी भिंगातूनही कधी इतकी साफ पाहिली नव्हती.

"आली?" वन्संनी पान धरल्या जागेवरून विचारलं.

"आली."

"मग दाखव ना, की एकटीच बघत बसणार?"

दोघींनी डोकी जवळ आणून त्या लहानशा पडद्यात पाहिलं. वन्संनी पडदा आणखी जवळ ओढला. मग म्हणाल्या, "एवढं असतं होय हिच्या डोळ्यात. आणि मी चपलेने मारत आले."

त्यानंतर गाडी रुळावर आली. दहातले दोन फोटो साधत, कधी तीन. पण दोन पुरेसे होते. गुरुवारमागून गुरुवार गेले, पस्तीस झाल्या, अडतीस झाल्या, एकोणचाळीस झाल्या. सर रोज सकाळी खोलीत डोकावून नुसतं भुवई उंचावत आणि बाई बोटं दाखवत.

राहिली चाळिसावी. ती सरांना जन्मात एकदाच भेटली होती, तीसेक वर्षांपूर्वी, उमेदवारीच्या काळात. त्या वेळच्या वहीत त्यांनी लिहून ठेवलं होतं, "डोळ्यांवर पट्टे तीन." आणि पुढे समासात, त्याच दिवशी की पुढे कधी ते त्यांनाही आठवत नव्हतं, "की चार?" पट्टे तीन असतील तर ती जुन्याच जातीतली, चार असतील तर जात वेगळी. टाचणीवरच्या माशीचा डोळा काळा पडलेला. तीस वर्षं हा प्रश्न सरांच्या मनात रुतून बसला होता. "नाही मिळाली तर एकोणचाळीस छापू," ते म्हणायचे, पण ते म्हणताना खिडकीबाहेर पाहायचे.

गोठेवालीला वर्णन सांगितलं. बारीक चणीची, पोट सोनेरी. ती म्हणाली, "ती होय. ती नाही गाईंना फारशी शिवत. मागच्या डबक्यावर असते, ऊन तापलं की. माणसालाच चावते, आणि अशी चावते की आई आठवते."

पुढच्या गुरुवारी दोघी डबक्यापाशी गेल्या. ऊन चढलेलं, हवा कोंदट, लव्हाळ्याचं पातं हलत नव्हतं. तासभर काही नाही. दुसरा तास. वन्संनी घाम पुसण्यासाठी बाह्या वर सारल्या, डाव्या हातात पान आणि उजव्या हातात रुमाल.

आणि ती आली. कुठून आली ते दिसलंच नाही. वन्संच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, येऊन बसली. सोनेरी पोट.

वन्संचा रुमालाचा हात आपसूक वर गेला.

"हलू नका!" बाई ओरडल्या.

लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. थोरल्या नणंदेवर बाईंनी एकदाही आवाज चढवला नव्हता. वन्संचा हात हवेत जागच्या जागी थांबला. डोळे विस्फारलेले.

बाई गुडघ्यावर बसल्या. कागदाचं छप्पर वन्संच्या हाताच्या वर चार बोटांवर आणून धरलं. लेन्समधे आधी नुसतं हिरवं धुकं, मग धुक्यातून कड, मग डोळा. झपकन.

"चावली," वन्सं दातांतून म्हणाल्या.

"चावू द्या."

"अगं, रक्त पितेय मेली!"

"पिऊ द्या, वन्सं. पीत असेतो बसून राहील. जरा उजवीकडे... तुम्ही नाही, मी. तुम्ही हलू नका."

झपकन. झपकन. वन्संच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं की काही होत नाही, तोंड उघडं ठेवा. आता त्या स्वतः ओठ गच्च मिटून उभ्या होत्या, आणि त्यांचा तो हात, घट्ट धरलेल्या पानासकट, भिंतीतल्या खुंटीसारखा स्थिर होता. बाईंच्या हातात कंप, वन्संच्या हातात कळ आणि मधे ती माशी, आपल्या जेवणात गर्क.

नऊ फोटो झाले. मग माशी उडाली. टम्म भरलेलं पोट घेऊन, डुलत डुलत.

बाईंनी पडदा उन्हाआड धरला. पहिला धुरकट. दुसरा बरा. चौथा त्यांनी मोठा करून पाहिला. हिरवा डोळा, त्यावर एक, दोन, तीन पट्टे. आणि अगदी खालच्या कडेला, डाव्या वरच्या मऊ उजेडात जेमतेम उमटलेली, केसाएवढी तांबूस रेघ. त्यांनी पाचवा पाहिला. सातवा पाहिला. रेघ तिथेच होती.

"चार," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "वन्सं, चार आहेत!"

"मला एकच चावा आहे, पण चाराएवढा," वन्सं म्हणाल्या आणि मटकन लव्हाळ्यात बसल्या. मनगट भाकरीसारखं फुगायला लागलं होतं. बाईंनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, आपला रुमाल भिजवून गुंडाळला, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. वन्संनी तो काढून घेतला नाही.

सरांनी फोटो पाहिला तो दुपारी. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी ती जुनी वही उघडली, समासातलं प्रश्नचिन्ह पेनने खोडलं आणि खुर्चीत मागे टेकले. "तीस वर्षं, बाई," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यांना सूज फार आहे का?"

पुस्तकात प्रत्येक चित्राखाली माशी कशावर बसली होती ते लिहायची पद्धत. गाईच्या पाठीवर. बैलाच्या कानावर. गवताच्या पात्यावर. चाळिसाव्या फोटोच्या वेळी सर म्हणाले, "इथे काय लिहायचं? माणसाच्या हातावर?"

"कुठल्याही माणसाच्या नाही, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाई सांगतील तसं लिहून घेतलं.

छापून आलेल्या पहिल्या प्रतींतली एक डॉक्टरांकडे गेली, कबूल केल्याप्रमाणे. दुसरी घेऊन बाई संध्याकाळी शेजारच्या दारात उभ्या राहिल्या. वन्सं नुकत्या दवाखान्यातून येऊन पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि पुस्तक मागून उघडलं. चाळिसावा फोटो पानभर होता. खाली छापलं होतं, "चित्रकाराच्या थोरल्या नणंदेच्या डाव्या हातावर. रक्त पिताना. पट्टे चार."

वन्संनी ते दोनदा वाचलं. "असं छापतात होय कुठे?" त्या म्हणाल्या, तेही जिन्यात सोडा, खोलीच्या दारापर्यंतही ऐकू गेलं नसतं इतक्या हळू.

बाई म्हणाल्या, "वन्सं, मला बोलता येत नाही तुमच्यासारखं. पण तुम्ही नसतात तर मी त्या दिवशी अर्ज देऊन मोकळी झाले असते. घरी बसले असते. हाताकडे बघत."

"नसते कशी? शेजारीच तर राहते मी."

"अठ्ठावीस वर्षं राहताय. मी कधी आले नाही असं दार वाजवून."

"मी तरी कुठे बोलावलं?" वन्संनी पाय आवरले, सतरंजीवर शेजारची जागा हाताने झटकली. "बस. आता पहिल्या पानापासून सांग. ही कोण? आणि हिचे डोळे असे ठिपक्याठिपक्यांचे का?"

बाई बसल्या. पहिली माशी कुठे सापडली ते त्यांनी सांगितलं, मग दुसरी. वन्सं मधेमधे विचारत होत्या, चुकीची नावं घेत होत्या, स्वतःच हसत होत्या. बाईंचा हात पान उलटताना कापत होता आणि त्या तो झाकत नव्हत्या. सतराव्या चित्रापाशी यजमान दारात आले, दोघींकडे पाहून क्षणभर थबकले, आणि आज कुकर मीच लावतो म्हणून परत गेले.